काचेवर, डॅशबोर्डवर की मांडीवर?

खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याच्या बाजूला बाहेर पडलं की लगेच उतार लागतो आणि उतारावरच एस आकाराचं वळण येतं. हे वळण किती वाईट आहे ते त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी मी कऱ्हाडहून आईला भेटून परतत होतो. बोगदा संपला, गाडी वळणाला घातली आणि नेमका तेव्हाच समोरच्या काचेला लावलेला मोबाइल होल्डरसकट निखळला. डॅशबोर्डवर आपटला, स्टिअरिंगच्या कडेने खाली आला आणि माझ्या पायाशी जाऊन थांबला. डावीकडे भरलेला ट्रक, मागे एसटी, आणि ब्रेकच्या पेडलखाली मोबाइल सरकला असेल की नाही हे बघायला मान खाली घालायची सोय नाही. मी श्वास रोखून पायाने चाचपलं. मोबाइल पेडलच्या डाव्या बाजूला होता. सुदैव म्हणायचं.

शिरवळला चहाला थांबलो तेव्हा बायको म्हणाली, "हे नीट लावता येत नसेल तर लावूच नका." तिचं चुकलं नाही. पण हे नीट लावायचं म्हणजे कुठे, हे मला आजपर्यंत कुणीही सांगितलेलं नाही. गाडी विकणाऱ्याने नाही, होल्डर विकणाऱ्याने नाही, आणि गाडीबरोबर मिळणाऱ्या जाडजूड पुस्तिकेतही नाही. टायर कसा बदलायचा ते त्यात चित्रांसकट आहे. मोबाइल कुठे लावायचा यावर एक ओळ नाही.

माझी ही तक्रार आजची नाही. 2011 मध्ये मी रस्ता दाखवणारं स्वतंत्र यंत्र घेतलं होतं. साडेचार इंचांहून लहान पडदा, मागे वाकणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला रबरी चकती. तेव्हा मोबाइलवर नकाशा बघत गाडी चालवण्याची पद्धत आमच्याकडे रुळलेली नव्हती, आणि मला कामासाठी सांगली, सोलापूर, बेळगाव अशा फेऱ्या असायच्या. यंत्राबरोबर घडीचा कागद आला होता. त्यावर गाडीच्या आतलं चित्र होतं आणि यंत्र काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात दाखवलं होतं. चित्रातलं स्टिअरिंग डावीकडे होतं. तिकडे डावा कोपरा म्हणजे चालकाच्या जवळचा कोपरा. आपल्याकडे तोच कोपरा शेजारच्या सीटसमोर येतो, चालकाचा हात पोचणार नाही इतका लांब, आणि शेजारच्या माणसाची एअरबॅग जिथून उघडते त्याच्या वर. आपल्या देशात गाडी उजव्या स्टिअरिंगची असते हे ठाऊक असूनही विकणाऱ्याने तो कागद तसाच डब्यात घातला होता. आजही होल्डरच्या खोक्यांवर डाव्या स्टिअरिंगची चित्रं असतात. मागच्या दिवाळीत घेतलेल्या खोक्यावरही तेच होतं.

माझा पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने मला तिथला नियम सांगितला. काचेवर असं यंत्र लावायचं असेल तर कुठे आणि केवढ्या जागेत, हे कायद्यात इंचांमध्ये लिहिलेलं आहे. चालकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात पाच इंचांचा चौरस, किंवा पलीकडच्या खालच्या कोपऱ्यात सात इंचांचा, आणि दोन्हीकडे एअरबॅग उघडण्याच्या जागेच्या बाहेर. नियम चांगला की वाईट हा वाद नंतर घालता येईल. निदान तिथे कुणीतरी बसून मोजमाप केलं आहे.

आता रबरी चकतीबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिच्यात गेला. चकती काचेला चिकटत नाही. तिच्या आतली हवा निघून गेली की बाहेरची हवा तिला दाबून धरते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. सात सेंटिमीटर व्यासाच्या चकतीचं क्षेत्रफळ अडतीस चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे पाव किलोचा मोबाइल तिने सहज पेलायला हवा, आणि पहिल्या महिन्यात ती पेलतेही. मग काचेवर धूळ बसते. आपल्याकडची धूळ बारीक असते, ती चकतीच्या कडेखाली शिरते आणि तिथून हवा आत यायला वाट होते. गाडी उन्हात उभी राहिली की आत राहिलेली थोडी हवा फुगते, रबर मऊ पडतं. दोन उन्हाळे गेले की तेच रबर कडक होतं, कड वर उचलली जाते. माझ्या चकतीची कड मी भिंगाखाली बघितली आहे. घड्याळात जिथे तीनचा आकडा असतो तिथे नखाएवढी भेग होती. खंबाटकीला होल्डर निखळला तो त्या भेगेमुळे. विकताना दुकानदाराने "लाइफटाइम आहे साहेब" असं सांगितलं होतं. मी भेग दाखवायला परत गेलो तेव्हा तो म्हणाला, "थुंकी लावून बसवा, घट्ट बसेल."

चकती धुऊन, पुसून, ओल्या बोटाने कड भिजवून लावली की थोडे दिवस पुन्हा धरते, हे खरं आहे. पण कुठे लावायची? खालचा कोपरा उत्तम, कारण तिथे रस्ता झाकला जात नाही. माझ्या गाडीच्या काचेला चारही बाजूंनी काळी पट्टी आहे आणि पट्टीच्या आतल्या कडेला काळे ठिपके आहेत. त्या ठिपक्यांचा पृष्ठभाग खरखरीत आहे. त्यावर चकती धरत नाही. मग चकती ठिपक्यांच्या वर न्यावी लागते, आणि वर नेली की मोबाइल रस्त्याच्या आड येतो. उजव्या कोपऱ्यात लावला तर काचेच्या कडेचा जाड खांब आणि मोबाइल मिळून एक मोठा अडसर तयार होतो. घाटात उजवीकडच्या वळणावर समोरून येणारी दुचाकी त्यामागे पूर्ण लपते. आंबोलीच्या रस्त्यावर मी हे स्वतः अनुभवलं आहे आणि त्या दिवसापासून उजवा कोपरा सोडला. नव्या गाड्यांच्या काचा इतक्या तिरप्या झाल्या आहेत की काचेचा खालचा भाग हाताच्या टप्प्यात राहिलेला नाही. मग लांब दांड्याचा होल्डर घ्या. लांब दांडा हलतो, आणि हलणाऱ्या पडद्यावर रस्त्याचं नाव वाचायला दुप्पट वेळ लागतो.

मग डॅशबोर्ड. डॅशबोर्डच्या प्लास्टिकला चामड्यासारखी नक्षी असते. त्यावर चकती बसत नाही म्हणून दुकानदार दोन्ही बाजूंनी चिकटणारी गोल तबकडी देतात. ती चिकटते हे कबूल करतो. काढायची वेळ आली की मात्र वरचा थर घेऊन निघते. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर आज दोन गोल डाग आहेत, एक पाच वर्षांपूर्वीचा आणि एक गेल्या वर्षीचा. खोबरेल तेल लावलं, रॉकेल लावलं, डाग गेले नाहीत. गाडी विकायला काढली तेव्हा बघायला आलेल्या गृहस्थांनी आधी त्या डागांवर बोट ठेवलं आणि मग किंमत सांगितली.

डॅशबोर्डच्या मध्यावर आमचा गणपती आहे. गाडी घेतली तेव्हा आईने दिलेला, पितळेचा, तीन इंचांचा. तो तिथून हलणार नाही, आणि हलवावा असं मलाही वाटत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक गाड्यांमध्ये ती जागा देवाची असते. गाडी घरी आणल्यावर पूजा होते, नारळ फुटतो आणि मूर्ती बसते. गाड्यांचे कारखाने चाकण, रांजणगाव, नाशिक इथे आहेत, तिथे काम करणाऱ्या माणसांच्या स्वतःच्या गाड्यांमध्येही मूर्ती आहे. तरीही डॅशबोर्ड आखताना ही मूर्ती कुणाच्या हिशेबात नसते. मध्यभागी उतार असतो, मूर्ती सरकते, मग तीही तबकडीने चिकटवावी लागते, आणि नजरेला सोयीची उरलेली जागा तिथेच संपते.

डॅशबोर्डचा डावा भाग मोकळा दिसतो. अनेक जण तिथे मोबाइल लावतात, टिश्यूचा डबा ठेवतात. त्या प्लास्टिकवर एसआरएस एअरबॅग अशी बारीक अक्षरं कोरलेली असतात. आपल्याकडे चालकाची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या सीटची त्यानंतर 2021 मध्ये. धडक झाली की ती पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागात फुगते. तिच्या वाटेत होल्डर असेल तर तो शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडावर जाणार. शेजारी बहुतेक वेळा माझी बायको असते. म्हणून ती जागा मी मोजणीतून काढून टाकली, आणि ज्यांच्या गाडीत तिथे काहीही लावलेलं आहे त्यांना मी ते काढायला सांगतो. लग्नाच्या मांडवातही सांगितलं आहे.

एसीच्या झडपेला अडकवायची क्लिप स्वस्त आणि सुटसुटीत असते. एप्रिल-मेमध्ये तिचा फायदाही होतो, कारण गार वारा लागल्याने मोबाइल तापत नाही. तापण्याचा प्रश्न खराच आहे. काचेवर उन्हात लावलेला माझा मोबाइल एकदा सोलापूर रस्त्यावर टेंभुर्णीच्या अलीकडे तापून बंद पडला होता आणि वीस मिनिटं चालू झाला नाही. पण झडपेच्या पट्ट्या प्लास्टिकच्या असतात आणि त्या मोबाइलचं वजन पेलण्यासाठी केलेल्या नसतात. खड्ड्यात गाडी आपटली की पट्टी वाकते, तिसऱ्या-चौथ्या खड्ड्याला मोडते. एक पट्टी मोडली म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो तर पट्टी सुटी मिळत नाही, पूर्ण झडप बदलावी लागेल असं सांगितलं. पावसाळ्यात वेगळाच त्रास. ताम्हिणीत काच आतून धुरकट होते, ती साफ ठेवायला एसीची हवा हवी तिकडे वळवता आली पाहिजे. क्लिप आणि मोबाइल अडकवलेली झडप वळत नाही. त्यात हल्ली झडपा गोल येतात, काहींच्या पट्ट्या उभ्या असतात, आणि क्लिपवर कुठल्या गाडीला बसेल हे लिहिलेलं नसतं.

सीडीच्या खाचेत बसणारे होल्डर मिळायचे, आता खाचच नाही. लोहचुंबकाचे होल्डर मी दोन वापरले. कव्हरमध्ये लोखंडी पत्रा ठेवावा लागतो आणि मोठ्या खड्ड्याला मोबाइल उडतोच. मीटरच्या छपराला लावायचा चिमटा वेगाचा काटा झाकतो. कप ठेवायच्या खळग्यात बसणारा होल्डर गिअरच्या मागे येतो, तिथे बघायला मान पूर्ण खाली घालावी लागते.

वायरबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. नकाशा चालू ठेवला की बॅटरी भराभर उतरते, म्हणजे वायर लावावीच लागते. चार्जिंगची जागा खाली, गिअरच्या पुढे. मोबाइल वर. मधली वायर गिअरच्या दांड्यावरून जाते. तिसऱ्यातून दुसऱ्यात गिअर टाकताना वायर हातात अडकते, आणि ती ओढली गेली की होल्डर तिरका होतो. मी चिकटपट्टी लावून बघितली, छोट्या क्लिपा लावून बघितल्या. शेवटी एका इलेक्ट्रिशियनकडून डॅशबोर्डच्या मागून वायर काढून घेतली. त्याचे आठशे रुपये गेले, आणि गाडीच्या वायरिंगला बाहेरच्या माणसाने हात लावल्यामुळे वॉरंटीला बाध येईल का या काळजीत वर्ष गेलं.

या सगळ्याला कंटाळून लोक मोबाइल मांडीवर ठेवतात. पुण्यात विमानतळावरून घरी येताना मी कितीतरी चालकांना दोन मांड्यांच्या मधे मोबाइल धरून गाडी चालवताना पाहिलं आहे. एकाला मी विचारलं, "दादा, होल्डर का नाही लावत?" तो म्हणाला, "तीन घेतले साहेब. एक पडला, एक मोडला, तिसरा गिऱ्हाइकाने काढायला लावला, एसी लागत नाही म्हणून." तो माणूस दिवसाला बारा तास गाडी चालवत होता. त्याला मी काय सांगणार होतो?

ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. ताशी 100 ने जवळजवळ 28 मीटर. मांडीवरच्या पडद्यावर नजर नेऊन, डावं वळण कितवं ते बघून, नजर परत रस्त्यावर आणायला मला तीन सेकंद लागतात. मुलाला घड्याळ लावायला सांगून मी हे मोजलं आहे, अर्थात गाडी उभी असताना. म्हणजे द्रुतगती मार्गावर 100 च्या वेगाने मी ऐंशीहून जास्त मीटर आंधळेपणाने गेलेलो असेन. डोळ्यांच्या रेषेच्या जरा खाली असलेल्या पडद्यासाठी मला एक सेकंद पुरतो. जागेचा प्रश्न हा एवढा आहे. लोक त्याला किरकोळ म्हणतात, ते मला पटत नाही.

कायद्याचं सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेला बदल 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झाला. त्यात हातात धरण्याजोगं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी, आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने, वापरायला परवानगी आहे. नियम योग्य आहे. पण 'अशा पद्धतीने' म्हणजे काचेवर का डॅशबोर्डवर, किती उंचीवर, एअरबॅगपासून किती लांब, हे कुठेही लिहिलेलं नाही. समोरच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आत आला पाहिजे हे आकड्यात लिहिता आलं, तर हेही लिहिता येईल. आज एक हवालदार काचेवरचा होल्डर बघून सोडून देतो, दुसरा त्याच होल्डरसाठी गाडी बाजूला घ्यायला लावतो. दोघांच्याही हातात मोजपट्टी नाही.

माझी सध्याची व्यवस्था सांगतो. चौदा वर्षांत यापेक्षा बरी सापडलेली नाही. डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या किंचित डावीकडे, गणपती आणि मीटर यांच्या मधल्या पट्ट्यात तबकडी चिकटवली आहे. होल्डरचा दांडा सर्वांत आखूड आहे. मोबाइल आडवा लावतो, म्हणजे त्याची वरची कड काचेतून दिसणाऱ्या बॉनेटच्या रेषेच्या वर येत नाही. डाव्या हाताचं बोट खांदा न हलवता पोचतं. चालकाची एअरबॅग स्टिअरिंगमधून उघडते, तिच्या वाटेत काही नाही. रात्री पडद्याचा उजेड सर्वांत कमी ठेवतो, नाहीतर त्याचं प्रतिबिंब काचेवर पडतं. आवाज चालू असतो. पत्ता गाडी सुरू करण्यापूर्वी घालतो, बदलायचा असेल तर थांबून बदलतो. तबकडीचा तिसरा डाग पडणार हे मला दिसतं आहे.

गाडीतच मोठा पडदा असतो, त्यावर नकाशा दिसतो, आता होल्डर कशाला, असं नवी गाडी घेतलेले मित्र म्हणतात. त्यांच्या गाडीत बसून मी बघितलं आहे. पडदा कित्येक गाड्यांत एसीच्या झडपांच्या खाली, गिअरच्या जरासा वर आहे. तिथे बघायला मान खाली जातेच. आणि माझ्यासारख्या जुन्या गाड्या, टॅक्सी, टेम्पो, शाळेच्या व्हॅन यांचं काय? रस्त्यावर नव्या गाड्यांपेक्षा त्याच जास्त आहेत.

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था 1966 पासून आहे. आरसा कुठे असावा, दिवा किती उंचीवर असावा, पट्टा कुठल्या बिंदूला जोडावा हे सगळं वाहनांच्या मानकांमध्ये ठरलेलं असतं. माझी मागणी त्याच पठडीतली आहे. प्रत्येक गाडीत चालकाच्या नजरेच्या रेषेखाली, एअरबॅगच्या बाहेर, डाव्या हाताच्या टप्प्यात एक पक्का खाचेचा बिंदू द्यावा, कुठल्याही होल्डरचा तळ त्यात बसावा आणि चार्जिंगची जागा त्याच्या शेजारी असावी. खर्च किती येईल? मागच्या दारात पाण्याची बाटली ठेवायला जेवढा साचा लागतो तेवढाच. सध्या बाटल्यांसाठी माझ्या गाडीत सहा जागा आहेत.

हे होईपर्यंत वाचकांना दोन गोष्टी सांगतो. आज गाडीत बसाल तेव्हा शेजारच्या सीटसमोरच्या डॅशबोर्डवर काय लावलंय ते बघा आणि असेल ते काढा. आणि नवी गाडी घ्यायला शोरूममध्ये जाल तेव्हा सनरूफ उघडून दाखवायच्या आधी विक्रेत्याला विचारा की मोबाइल कुठे लावायचा, ती जागा बोट ठेवून दाखवा. दाखवता आली नाही तर तसं कंपनीला लेखी कळवा. मी तीनदा कळवलं आहे. तिन्ही वेळा पोचपावती आली, उत्तर अजून आलेलं नाही.